मामांची चप्पल

लखनऊच्या आलमबागेतल्या आम्हा मराठी मंडळींत मामा सर्वांत वजनदार, आणि विसर्जनाला गणपती उचलायचा मानही त्यांचाच. मूर्ती छातीशी धरून ते घाटाच्या पायऱ्या उतरू लागले की बायका म्हणत, "मामा आहेत ना, बाप्पाची काळजी नको."

बँकेत आमची टेबलं शेजारी होती. मामा पक्के शाकाहारी. लखनऊत जन्म काढला, पण कबाबाच्या वाटेला गेले नाहीत. जीव सगळा दूध, दही, मलाईवर. दही-जलेबी खाताना कुणी टोकलं की म्हणत, "भैया, भरल्या अंगाच्या माणसाला 'जेवलास का' असं कुणी विचारत नाही. आपलं आपणच बघावं लागतं." मी हसायचो.

निवृत्तीनंतर एकदा अमीनाबादच्या बाजारात चालताना मागून रिक्षावाला ओरडला, "बाबूजी, चप्पल!" मामांची एक चप्पल कितीतरी मागे राहिली होती, त्यांना पत्ताच नव्हता. हळूच म्हणाले, "अप्पा, हे तिसऱ्यांदा झालं. पायाखाली कापूस असल्यासारखं वाटतं. घरी बोलू नका."

मीच त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी रक्ततपासणी लिहून दिली, त्यात बी-१२ आणि डी जीवनसत्त्वंही होती. "तुम्हाला कसली कमतरता, मामा?" मी म्हणालो. "हे हडकुळ्यांचे आजार. वजन उतरवा, पाय आपोआप ताळ्यावर येतील." चिठ्ठी मी खिशात घातली. दूध, दही, मलाई मीच बंद केलं. काकडी आणि उकडलेली भाजी. मामा निमूट ऐकत. वजन उतरलं, मंडळात कौतुक झालं. पण जिन्यात अंधार असला की ते भिंत चाचपत. मला दिसत होतं, भीतीही वाटत होती. तरी म्हणायचो, "अशक्तपणा आहे, जाईल."

त्या वर्षी विसर्जनाला घाट उतरताना मूर्तीआड त्यांना स्वतःचे पाय दिसेनात. दुसऱ्याच पायरीवर पाऊल चुकलं. पडतानाही मूर्ती सोडली नाही. मूर्ती शाबूत राहिली, खुबा मोडला.

इस्पितळातला तरुण डॉक्टर म्हणाला, "बी-१२ तो लगभग ख़त्म है, इसी से पैर सुन्न हुए, डी भी बहुत कम। शाकाहारी को बी-१२ दूध-दही से ही मिलता है। वज़न देखकर कोई सोचता ही नहीं कि कमी होगी। पहले जाँच करा लेते तो..." मामींनी माझ्याकडे पाहिलं. मामा पटकन म्हणाले, "हमने ही टाल दिया, डॉक्टर साहब." मी मान डोलावली. पुढे मंडळात 'वजनामुळे पडले' असं ठरलं, तेव्हाही मान डोलावली. ते खरं नव्हतं. ती चिठ्ठी अजून माझ्या कपाटात आहे.

इंजेक्शनं झाली, पण पायांची जाणीव पुरती परतली नाही. मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली.

निघायच्या दिवशी स्टेशनवर सगळं कबूल करायचं ठरवून गेलो होतो. डब्यात चढवून बसवलं, तरी तोंड उघडेना. मामांनी माझा हात धरला. "अप्पा, बघा हो, चप्पल आहे ना पायात?"

एक दाराशीच राहिली होती. ती आणून, खाली बसून मी त्यांच्या पायात घातली. मामा खिडकीबाहेर बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं, "आहे ना?"