अक्रोड उगवेपर्यंत

अण्णा आमच्याकडे राहायला आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझं दुधाचं पातेलं वाळूने भरलं. चांगलं जाड बुडाचं पातेलं, लग्नातलं. मी मागच्या दारी येऊन बघते तो अण्णा उकिडवे बसलेले, चाळणीने वाळू चाळताहेत (चाळणीही माझीच, पिठाची) आणि शेजारी फडक्यावर आठ-दहा अक्रोड मांडलेले. हे काय चाललंय म्हणून विचारलं तर म्हणाले, झाड लावतोय. अंबरनाथमध्ये अक्रोडाचं झाड! इथे उन्हाळ्यात साधी तुळस जगवताना नाकी नऊ येतात माझ्या, आणि यांना पहाडातलं झाड हवंय. मी कपाळावर हात मारला आणि दूध कशात तापवावं ते बघायला आत गेले.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांची सगळी नोकरी जंगल खात्यात झाली, तीही पार वर, हिमालयाच्या बाजूला. मी चार वर्षांची असताना आई गेली. मला आजोळी ठेवून ते परत नोकरीवर गेले. पुढे वर्षातून एकदा यायचे, पंधरा दिवस राहायचे, मला एक नवं परकराचं कापड द्यायचे आणि जायचे. माझ्या लग्नात कन्यादान केलं आणि चौथ्या दिवशी गेले. बाप असून मला बापाची सवय अशी नव्हतीच. मला भाऊ नाही, बहीण नाही. पेन्शन झाल्यावर ते पुतण्याकडे वाईला राहायला लागले. तिथे काय बिनसलं देव जाणे, त्यांनी कधी तोंडातून शब्द काढला नाही. पण एक दिवस टांग्यातून ट्रंक आणि वळकटी घेऊन आमच्या दारात उतरले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, पंधरा दिवस राहीन म्हणतो.

तेव्हा आम्ही अंबरनाथला, स्टेशनच्या पश्चिमेला, दोन खोल्यांत राहत होतो. आमचे हे कारखान्यात ड्राफ्ट्समन. स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली होती, पण मुलीच्या घरी बापाने मुक्काम ठोकायचा नाही हे काही त्याने बदललं नव्हतं. पाहुणा म्हणून चार दिवस ठीक. त्याहून जास्त राहिला तर लोक जावयाकडे दयेने बघायला लागतात आणि मुलीकडे संशयाने. आमच्या शेजारच्या काकू तर विहिरीवर रोज मला गाठायच्या. वडील आलेत वाटतं? किती दिवस आहेत? तिकडे कोणी करणारं नाही का? गोड आवाजात विचारायच्या, वर पुन्हा माझी घागर उचलून द्यायच्या. मला असा संताप यायचा!

पंधरा दिवस संपले त्या दिवशी जेवताना अण्णा ताटाकडे बघत म्हणाले, "लावलाच आहे तर अक्रोड उगवलेला बघून जातो. उगवला की निघालोच." हे म्हणाले, अवश्य. हे स्वभावाने फार सरळ, कोणी काही म्हटलं की अवश्य म्हणायचे.

झालं! त्या दिवसापासून घरात त्या अक्रोडाचं प्रस्थ वाढलं ते वाढलंच. कोणीही विचारलं की अण्णांचं उत्तर ठरलेलं, अक्रोड उगवेपर्यंत आहे. काकूंना मीही तेच सांगायला लागले. अहो, त्यांनी तो अक्रोड लावलाय ना, तो एकदा वर आला की जाणार आहेत. काकू हसल्या, पण विचारायच्या थांबल्या. जंगल खात्यातला माणूस झाड लावतोय म्हटल्यावर त्यात विचारण्यासारखं काही उरलं नाही.

पण ते जळलं मेलं झाड उगवेल तर ना! पहिल्या खेपेचे अक्रोड घुशीने पळवले. एका सकाळी बघितलं तर पातेलं आडवं, वाळू अंगणभर, आणि मोरीच्या भोकापाशी टरफलं. मी त्या घुशीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. अण्णा शांतपणे वाळू गोळा करत म्हणाले, हरकत नाही, पुढच्या हंगामात पुन्हा लावू. पुढच्या हंगामात म्हणजे वर्षभराने. पातेलं काही परत मिळालं नाही.

दुसऱ्या वर्षी ह्यांनी उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पातून नवे अक्रोड आणून दिले. त्याच वेळी मोरिवलीहून आमच्याकडे भाजी घेऊन येणारी बाई दारात बसली होती. आगरी बाई, घरची भातशेती, बोलायला फटकळ. अण्णा बी निवडताहेत बघून ती म्हणाली, "पान्यान टाक ना बाबा. वर येल तो पोचा, खाली बसंल तो बी." भाताचं बियाणं तसंच निवडतात, पाण्यात टाकून. मला पटलं. अण्णांनीही लगेच मान डोलावली, बाई बरोबर बोलते म्हणाले, आणि बादली मीच भरून आणली. तर काय, विसातले अठरा अक्रोड मजेत तरंगायला लागले. बाईने ते सगळे पोचे ठरवून बाजूला काढले. बुडालेले दोन अण्णांनी मोठ्या निगुतीने वाळूत पुरले, आणि महिन्याभरात त्यांना अशी दुर्गंधी सुटली की मला नाकाला पदर लावून ते पातेलं लांब नेऊन टाकावं लागलं. अठरा पोचे अक्रोड फोडून बघितले तर आत गर भरगच्च. मी शिऱ्यात घातले. अण्णांनी दोनदा मागून घेतला.

मला काय वाटायचं ते स्पष्टच सांगते. मला लाज वाटायची. तीस वर्षं जंगल खात्यात काढलेल्या माणसाला एक बी रुजवता येऊ नये? लोक पाठीमागे काय म्हणत असतील? पुन्हा वर हा माणूस कधी चिडत नाही, कधी हार मानत नाही. रोज सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की मागच्या दारी जाऊन बसायचं, बोटाने वाळू उकरायची, आतला अक्रोड बघायचा आणि पुन्हा झाकायचा. अहो, असं रोज उकरलं तर वाल तरी उगवेल का? मी बोलले की म्हणायचे, बघायला हवं ना. आणि मग हात धुऊन माझ्याजवळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात यायचे आणि शेंगा सोलायला घ्यायचे.

तिसऱ्या वर्षी पावसाळा संपल्यावर एकदा मी त्यांना असंच बसलेलं पाठमोरं बघितलं. मान वाळली होती. एक हात वाळूवरून फिरत होता. मला रागही आला आणि त्यांची कीवही. या माणसाला आयुष्यात एवढं एकच झाड बघायचंय आणि तेही मिळू नये? मनाशी म्हटलं, बस्स झालं. आता मीच रुजवून दाखवते.

उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमध्ये एका सिंध्याचं दुकान होतं. फाळणीनंतर आलेला माणूस, बराकीच्या एका खोलीत संसार आणि पुढे फळ्या टाकून धंदा. हिवाळ्यात सुकामेवा विकायचा आणि उन्हाळ्यात बर्फ आणि सरबत. बर्फाची मोठी लाकडी पेटी मात्र बारा महिने चालू. मी टांग्याने गेले आणि त्याला सरळच विचारलं की अक्रोड उगवत का नाही. तो आधी पोटभर हसला. मग म्हणाला, "बाई, इसको तीन महिना ठंडी चाहिए. उधर बरफ के नीचे सोता है, तब उठता है." आणि तरंगण्यावर जाऊ नको म्हणाला, सुका अक्रोड तरंगणारच, तो काय भात आहे?

मी धावतपळत घरी आले आणि अण्णांना सांगितलं. मला वाटलं उडी मारतील. तर चष्मा पुसत म्हणाले, हो, असं म्हणतात खरं. आणि वर्तमानपत्र उघडलं. असं म्हणतात खरं! तळपायाची आग मस्तकात गेली माझी. म्हातारपणी माणूस हट्टी होतो म्हणतात, तो हा असा. ठीक आहे, म्हटलं, तुम्हाला सांगायचंच नाही.

दिवाळीनंतर नवा माल आला तसे मी त्या सिंध्याकडूनच बारा अक्रोड निवडून घेतले. पत्र्याच्या डब्याला भोकं पाडली, ओली वाळू भरली, अक्रोड घातले आणि डबा त्याच्याच बर्फाच्या पेटीत तळाला, लाकडाच्या भुशात पुरून ठेवला. दर गुरुवारी मी जाऊन वाळू ओली आहे की नाही ते बघायची. घरी सांगायची, कापड बघायला जाते. अण्णा म्हणायचे, जा बाळ, भाताकडे मी बघतो. दुकानावरची माणसं मला ओळखायला लागली. तो सिंधी तर मला बघितलं की ओरडायचा, बाई के मेहमान अभी सो रहे हैं! तीन महिने मी हा उपद्व्याप केला. बर्फात हात घालून बोटांना भेगा पडल्या, टांग्यात पाठ खिळखिळी झाली. पण चिडायला मला आता वेळ नव्हता.

फाल्गुनात डबा घरी आणला. मोरीच्या पलीकडे, भिंतीच्या सावलीत, जिथे अण्णा कधी फिरकत नसत तिथे कुंड्या ठेवल्या. मेथी पेरली आहे म्हणून थाप मारली. बारातले अकरा कुजले. आणि पाडव्याच्या आधी दोन दिवस, दुपारी भांडी घासायला गेले, तर बाराव्या कुंडीत करंगळीएवढा जाड, तांबूस कोंब मातीतून वर आलेला. त्याला दोन लहान पानं. मी राखेच्या हातांनी तशीच उभी राहिले आणि मला रडूच आलं.

अण्णांचा हात धरून त्यांना तिथे नेलं. डोळे मिटा म्हटलं, लहान मुलीसारखी. ते वाकले, गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले. पान दोन बोटांत हलकेच चोळलं आणि बोटं नाकाशी नेली. मग म्हणाले, "किती दिवस थंडीत होते?"

"नव्वद."

"हं. नव्वदच लागतात."

मी हसत होते. हसता हसता थांबले. म्हटलं, म्हणजे तुम्हाला माहीत होतं? त्यांनी हाताची माती झटकली, छान आलाय म्हणाले, पाणी मुळाशी घाल, पानांवर नको म्हणाले आणि भिंतीला धरून उठून आत गेले.

संध्याकाळी हे कारखान्यातून आले तशी मी यांच्यावर बरसले. माहीत होतं त्यांना! तीन वर्षं! माझी पातेली घालवली, ती नासकी वाळू मी उपसली, त्या भाजीवालीच्या नादाने चांगले अक्रोड बाजूला काढले तेव्हा हे जंगल खात्यातले साहेब शेजारी बसून मान डोलवत होते! मी त्या बर्फात हात घालून मेले आणि हे म्हणतात नव्वदच लागतात! का? मला मूर्ख बनवायला? ह्यांनी बुटाचे बंद सोडत सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "अगं, ते आत ट्रंक भरताहेत."

मी दारातून बघितलं. अण्णा जमिनीवर बसून धोतरं ट्रंकेत लावत होते. एकेक धोतर हाताने सपाट करून, कड जुळवून. मला बघून म्हणाले, उगवला की जाईन म्हटलं होतं. उद्या सकाळी निघतो. वाईला पत्र टाकलं नाही, पण जाईन तसाच.

मी मठ्ठासारखी उभी राहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. राहा म्हणावं, तर कोणत्या तोंडाने? मी लहानपणापासून यांना फक्त जाताना बघितलेलं. दरवर्षी पंधराव्या दिवशी ते निघायचे आणि आजी माझा हात दाबून धरायची. जाणाऱ्याला मागून हाक मारू नये, अपशकुन होतो. कधीच मारली नाही. राहा हा शब्द मी त्यांच्यासाठी वापरलाच नव्हता, तो आता तोंडात कुठून येणार? आणि ते तरी कसे राहणार? कोणी विचारलं तर सांगायला आता काय होतं त्यांच्याकडे?

मी मागच्या दारी गेले. कुंडीपुढे बसले. तीन महिन्यांचे गुरुवार आठवले आणि मला माझाच असा राग आला की सांगता सोय नाही. कोंब बुडाशी धरला आणि उपटला. तो काही सहजासहजी येईना. शेवटी आला तो टरफलासकट, हातभर पांढऱ्या मुळासकट.

तसाच आत नेला आणि ट्रंकेतल्या घडी केलेल्या धोतरांवर ठेवला. म्हटलं, "अक्रोड मेला, अण्णा."

त्यांनी तो उचलला. मुळाला ओली माती होती, पानं अजून टवटवीत होती. त्यांनी मुळावरून बोट फिरवलं, माझ्या मातीने भरलेल्या हातांकडे बघितलं, मग पुन्हा मुळाकडे. चष्मा काढून पुसला.

"हो," ते म्हणाले. "मेला."

आणि ट्रंकेतून एक धोतर बाहेर काढून मांडीवर घेतलं.

"आता दिवाळीपर्यंत काही करता यायचं नाही. थांबावं लागेल."

"थांबा," मी म्हटलं.