विहिरीतला उजेड

माझ्या धाकट्या मामांनी जन्मात एकही गोष्ट आहे त्या मापाची सांगितली नाही. पारनेरच्या बाजारातून आणलेला मुळा घरी पोचेपर्यंत हातभर व्हायचा, आणि पाहुणे बसलेले असले तर दोन हात. त्यांच्या बैलाला मराठी तर समजायचीच, पण तालुक्याचे साहेब आले की तो म्हणे कान टवकारून इंग्रजीही ऐकायचा. मामींनी एकदा विचारलं, "अवो, त्याला इंग्रजी कळतंय ह्ये तुमाला कसं कळलं?" मामा शांतपणे म्हणाले, "त्यानंच सांगितलं." तरी गावात त्यांना कुणी थापाड्या म्हणत नसे, याचा मला भारी अभिमान. उलट कुस्ती असो नाहीतर लग्नातला रुसवाफुगवा, स्वतः तिथं हजर असलेली माणसंसुद्धा पारावर येऊन म्हणायची, "दादा, तुमी सांगा. तुमी सांगितल्याबिगर झाल्यावानी वाटत न्हाई."

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात नागापूरच्या कारखान्यातून सुटी काढून मी मामांकडे गेलो होतो. आम्ही विहिरीतला गाळ काढत होतो. दिवस बुडाला तशी बाकीची माणसं वर आली, खाली मामा एकटेच शेवटची पाटी भरत राहिले. आणि तेवढ्यात मावळतीकडून तारा तुटला. तारा कसला, पेटलेला गोळाच तो. हिरव्यानिळ्या उजेडात बांधावरचा खडा न् खडा दिसला, मागं धुराची रेघ राहिली आणि जरा वेळानं आभाळ गडगडलं. मामा दोर धरून वर आले तोवर ती रेघही विरत आली होती.

नेमकं हेच चुकावं ना त्यांना. पारावर गाव जमलं असणार आणि सगळे मामांचीच वाट बघत असणार. आज त्यांची पत जाते की काय, म्हणून माझाच जीव खालीवर व्हायला लागला. वाटेत मी म्हटलं, "मामा, कसा होता ते मी सांगतो, तुम्ही ठोकून द्या. कुणाला कळतंय?" मामा तसेच पाराकडं चालत राहिले.

पारावर बसले आणि म्हणाले, "म्या न्हाई बघितला. म्या हिरीत हुतो. पान्याला एकदम उजेड आला. माझी सावली म्होरल्या भिंतीवर पडली, तितनं खाली उतरली, माझ्या पायात आली, अन् मागल्या भिंतीवर चढून गेली. मंग अंधार. येवढंच."

म्हाताऱ्या पाटलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. हा माझा मामा, असं ओरडून सांगावंसं वाटलं मला.

घरी येताना विचारलं, "आज वाढवून का नाही सांगितलंत?"

"बारक्याला मोठं करावं लागतं रं. ह्ये आधीच लई मोठं हुतं. त्याला माझी काय गरज?"

मामांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. तो गोळा आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, न पाहिलेले ते एकटेच. पण गावात आज कुणालाही विचारा, अगदी मलाही, जो तो भिंतीवरून उतरलेली सावलीच सांगतो. आभाळातलं आमच्यापैकी कुणालाच नीटसं आठवत नाही.