शिंपीकाकांचा होकार

वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरपुढे डॉक्टरही जरा दबकूनच बोलत. शिंपीकाकांच्या पायाचं सडलेलं बोट काढायचं होतं आणि काका इंजेक्शनच्या गुंगीत घोरत पडले होते.

थोरला मुलगा म्हणाला, "सिस्टर, झोपेतच संमतीच्या कागदावर अंगठा उठवून घ्या. जागे झाले की नाटकं करतील."

"अहो, बोट त्यांचं, नाटकंही त्यांचीच. डॉक्टर संध्याकाळपर्यंत थांबतायत."

थोरल्याने नाक मुरडलं. दुपारी काका शुद्धीवर आले, तेव्हा सिस्टरनी डॉक्टरांना सगळं नीट समजावून सांगायला लावलं. शिलाई मशीन चालवता येईल ना, हे काकांनी दोनदा विचारलं आणि सही केली. मग सिस्टरचा हात धरून म्हणाले,

"पोरी, माझं लग्न ठरलं तेव्हाही मला कुणी विचारलं नव्हतं. तू पहिली."