मायनं काढलेली सहा कोनांची खिडकी

मी भूशास्त्राचा माणूस. भिंगाखाली दिसत नाही ते मानायचं नाही, हेच मी आयुष्यभर वर्गात शिकवलं. म्हणून हे लिहायला इतका उशीर केला...

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. मी नागपूरला संशोधन करत होतो. घर देऊळघाटला, भाजीपाला पिकवणारं. त्या उन्हाळ्यात वांग्याच्या मळ्यातली विहीर खोल करताना काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये माती लागली. मी नमुना भरत होतो, तेवढ्यात मायनं त्यातला ओला गोळा दगडावर सारवला आणि बोटानं चित्र काढलं — गोल अंग, वर एक शिंग, खाली दोन, वरच्या शिंगाखाली सहा कोनांची खिडकी.

"इथून तो निंघून गेला," ती म्हणाली.

"कोण?"

"मले काय माईत. दिसलं तसं काढलं."

मी हसलो. तरी सवयीनं वहीत उतरवून घेतलं.

नागपूरला ती माती आम्लात विरघळवली. उरलेल्या धुळीत डायनोफ्लॅजेलेटची कवचं निघाली. हा पाण्यातला एकपेशी जीव. वाईट दिवसांत स्वतःभोवती कवच बांधतो, दिवस पालटले की त्याचा एक तुकडा झाकणासारखा उघडून निघून जातो. जात ठरवताना त्या झाकणाची जागा आणि आकार बघावाच लागतो. माझ्या एकाही कवचात ते दिसेना. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, शनिवारपर्यंत बघ, नाहीतर प्रबंधातलं हे प्रकरण गाळ.

शुक्रवारी दुपारी नोंदी चाळताना ते चित्र समोर आलं. शिंगं तीच! मग कवच उलटवून पाहावं म्हणून सुईनं वरची पातळ काच हळूच सरकवली... पाठीवर, वरच्या शिंगाखाली, झाकण उघडल्याची जागा. सहा कोन. स्वच्छ.

सर बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून होते. मग म्हणाले, "लिही. नवी जात आहे."

जातीला देऊळघाटचं नाव दिलं. निबंधाच्या आभारात मायचं नाव घातलं. त्यांची मदत कसली, असं सरांनी विचारलं. मी म्हणालो, "आकृतीची." त्यांनी ते खोडलं नाही.

छापील अंक घेऊन घरी गेलो, तर मायनं शेजारणींना बोलावून आणलं. आपल्या विहिरीतल्या चिजेले पोरानं नाव देलं, असं सांगत ती पान फिरवत होती. एवढा अभिमान मला पदवी घेतानाही वाटला नव्हता.

ते चित्र कुठून सुचलं, असं पुढे तिला दोनदा विचारलं. उत्तर तेच. ते कवच जेमतेम केसाच्या जाडीचं — नुसत्या डोळ्यांना त्याची खिडकी दिसणं शक्यच नाही. त्या निबंधातल्या प्रत्येक वाक्याचा पुरावा मी आजही देईन. आभाराच्या त्या एका ओळीचा माझ्याकडे नाही.