निल रिपोर्टचा आठवडा

एटापल्लीच्या पुढे जंगलातल्या निमलष्करी दलाच्या कॅम्पवर माझी पोस्टिंग झाली तेव्हा मी सब-इन्स्पेक्टर होते, काम स्टाफ नर्सचं. खांद्यावर दोन स्टार, युनिफॉर्मला कडक इस्त्री आणि डोक्यात हवा. तेव्हाचा फोटो पाहून माझ्या नाती हसतात. मीही हसते, पण फार वेळ नाही.

दहा बेडचं हॉस्पिटल. ०७०० ला राउंड, ०८०० ला वायरलेसवर जुलाबाचा रिपोर्ट. चोवीस तासांत तीन किंवा जास्त वेळा झाले तर ती केस. पाच केस म्हणजे साथ. साथ लागली की मेस बंद, पाण्याची तपासणी आणि सगळ्या कॅम्पची रजा बंद. माझ्या आठ महिन्यांत रोज 'निल', म्हणजे एकही केस नाही. सीओसाहेबांनी परेडवर कौतुक केलं, ते मी चंद्रपूरला फोन करून आईला दोनदा ऐकवलं.

ऑगस्ट होता. पुरामुळे तीन आठवडे रस्ता बंद होता, गुरुवारी रजेची गाडी सुटणार होती. डॉक्टरसाहेब गडचिरोलीला अडकलेले, म्हणून हॉस्पिटल माझ्या ताब्यात. सोमवारी सहा जवान पोट धरून भरती झाले. मंगळवारी राउंडला विचारलं, कितनी बार? पहिला म्हणाला, दो बार, मॅडम. दुसराही दोन. सहाच्या सहा जणांचे दोन. पोटंसुद्धा ड्रिलवर चालतात असं मी, शहाण्या सब-इन्स्पेक्टरनं, मानून घेतलं. ते खोटं बोलतायत हे मला कळत होतं. त्यांना घर हवं होतं, मला निल.

वॉर्डात जवळच्या गावची कौसल्या दुर्गे साफसफाईला होती. संसर्ग पसरू नये म्हणून पोटाच्या पेशंटला संडासात सोडत नसू. त्यांची शौचाची भांडी तीच उचलायची. राउंड झाल्यावर ती माझ्यामागे आली.

"मॅडम, तीन नंबरच्या भाऊचं दोनदा नाई. सात डाव फेकलं मी."

"तू मोजत बसतेस काय?"

"मोजत नाई. हात दुखून राह्यले."

रजिस्टर माझ्याकडे आहे की तुझ्याकडे, असं मी विचारलं. तुमच्यापाशीच हाये म्हणाली आणि गेली. ०८०० ला मी निल पाठवला. बुधवारी वॉर्डात नऊ जण होते. तिनं पुन्हा सांगितलं. मी पुन्हा निल पाठवला.

गुरुवारी ती कामावर आली नाही. ०८०० ला मी तिसऱ्यांदा निल पाठवला. ०९१० ला रजेवाले बॅगा घेऊन ग्राउंडवर रांगेत फॉलइन झाले. सकाळीच मी वॉर्डातून सोडलेला तीन नंबर बेडचा जवान नाव पुकारताच खाली पडला. नाडी लागेना. त्याच्यामागे आणखी दोघं बसले. मग मी रांगेसमोर उभी राहून ओरडले, खरं सांगा, तीन किंवा जास्त वेळा कुणाला झालं, हात वर करा. चौदा हात वर झाले; खालचे तिघं धरून सतरा.

वायरलेस सेटवर मुख्यालयाशी, डेल्टा या आमच्या कॅम्पच्या सांकेतिक नावानं बोलले, "डेल्टा बोल रही हूँ. सत्रह केस, तीन सीरियस. हेलिकॉप्टर चाहिए. ओव्हर."

"डेल्टा, आठ बजे तो निल था. ओव्हर."

सेट खाली ठेवला. सलाइन लावत राहिले. १२४० ला हेलिकॉप्टर उतरलं. तिघंही वाचले. टाकीच्या पाइपला नाल्यापाशी चीर सापडली. ते पाणी सगळा कॅम्प पीत होता. कौसल्याही.

१६०० ला तिचा दीर गेटवर आला. रात्रीपासून तिला जुलाब होते. खाटेवर घालून एटापल्लीला नेताना ती वाटेतच गेली होती. उद्यापासून ती कामावर येणार नाही, एवढं सांगायला तो आला होता.

१८०० चा रिपोर्ट.

"डेल्टा, डेथ कितनी? ओव्हर."

फॉर्मवर फक्त दलाची माणसं मोजायची होती. कौसल्या गावची.

"निल. ओव्हर."

"शाबाश, मॅडम. आउट."

चौकशी झाली, मला ताकीद मिळाली, पुढे पेन्शनही मिळाली. कॅम्पच्या स्मारकावर गोळीनं गेलेल्यांची नावं आहेत. कौसल्याचं नाही, म्हणून इथं लिहिते. एक गोष्ट चौकशीत मी सांगितली नव्हती. बुधवारी दुपारी ती वॉर्डाच्या भिंतीला टेकून पोट दाबून बसली होती. मी म्हटलं, इथं बसायला येतेस का? ती उठली. राहिलेली चार भांडी धुतली, पालथी घातली आणि घरी गेली.