शिवलीलेची लाली

शिवलीला मूळची नेसरीकडची. वडील बसाप्पा किराणा मालाचे दुकानदार, घर लिंगायतांचं, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत यायचं नाही. लग्न होऊन ती गडमुडशिंगीला आली. नवरा अमरेश वारणानगरला डेअरीत कामाला, आठवड्याला एकदा घरी यायचा. एरवी घरात ती आणि सासू शांतादेवी. सासूला ती माहेरच्या कानडी वळणानं अत्ती म्हणायची.

अत्ती तोंडाची फाटकी आणि हाताची त्याहून. सून पुढच्या खोलीत पार्लर काढणार म्हटल्यावर तिनं भिंतीवरचा नवा आरसा काढला आणि अंगणात आपटला.

"बायकांच्या मिशा उपटायचा धंदा माझ्या घरात न्हाय व्हायचा!"

शिवलीलेनं काचा गोळा केल्या आणि दुसरा आरसा आणला. अत्तीनं तोही फोडला. तिसरा आणला तेव्हा अत्ती बराच वेळ त्याच्यासमोर उभी राहिली, स्वतःचा पदर सारखा केला आणि आत गेली. पार्लर सुरू झालं.

पुढं कोल्हापुरात नवरीच्या मेकअपचा क्लास होता, तिथं शिवलीला जाऊ लागली. एके दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी लिपस्टिकचा लाल रंग कुठून येतो ते सांगितलं. निवडुंगावर बारीक किडे वाढवायचे, खरवडून काढायचे, उकळत्या पाण्यात मारायचे, वाळवायचे आणि दळायचे. कुठल्या लिपस्टिकमध्ये मेंढीच्या लोकरीचं मेण घालतात, कशात जनावराची चरबी असते, तर चमक यावी म्हणून कशात माशांचे खवले. बोलता बोलता बाईंनी एक वाळका किडा पांढऱ्या कागदावर ठेवला, त्यावर थेंबभर पाणी टाकलं आणि नखानं चिरडला. कागदावर रक्त सांडल्यासारखा डाग पसरला. बाकीच्या पोरी ईऽ करून हसल्या. शिवलीला बाहेर गेली आणि गटारीच्या कडेला बसून भडाभडा ओकली.

घरी येऊन तिनं न्हाणीत काथ्या घेतला आणि ओठ घासायला सुरुवात केली. रंग कधीच गेला होता, तरी घासत राहिली. अत्तीनं दार ढकललं तेव्हा हनुवटीवरून रक्त गळत होतं.

"गळ्यात लिंग घालून मी रोज मेलेले किडे चाटत हुतो, अत्ती."

अत्तीनं तिच्या एक थोबाडीत दिली, काथ्या हिसकावून घेतला आणि मग ओठांना साय लावली.

त्यानंतर शिवलीलेनं स्वतःची लाली करायची ठरवलं. बसाप्पांनी घाटाखालून भिरंडेल मिळवून दिलं. म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, गार झालं की पांढरंशुभ्र थिजतं. त्यात एरंडेल, झाडाचं मेण आणि रंगाला रतनजोतीची मुळं. पहिल्या कांड्या उन्हात वितळल्या, पुढच्या ओठावर टेकताच भुगा झाल्या. पण जमली एकदाची. गावातल्या बायका नेऊ लागल्या, लग्नाच्या हंगामात शेजारच्या गावांतूनही मागणी येऊ लागली. आणि शिवलीला गप्प बसणारी नव्हती. कुणी दुसरी लिपस्टिक दाखवली की ती डबीवरची बारीक अक्षरं वाचायची आणि तोंडावर सांगायची, "ह्यात किडा हाय. ह्यात चरबी."

त्या डब्या विकायचा तो कृष्णात. गांधीनगरच्या बाजारातून स्वस्तातला माल उचलून तो आसपासच्या सगळ्या पार्लरांना द्यायचा. तरणाताठा, चारचौघांत वजन असलेला गडी. एक दिवस तो शिवलीलेच्या दारात येऊन उभा राहिला.

"वहिनी, तुमाला लावायचं न्हाय तर लावू नका. माझ्या मालाची बदनामी कशापाय करता?"

"बदनामी कसली? लिवलंय ते वाचून दावतो की."

"लई वाचाया लागलाय तुमी," एवढं म्हणून तो गेला.

आठवड्याभरात गावातल्या सगळ्या मोबाइलवर एक फोटो फिरला. गॅसवर पातेलं, पातेल्यात पांढरा थिजलेला गोळा, बाजूला शिवलीलेच्या लालीच्या डब्या. खाली लिहिलं होतं, 'बघा, जनावराची चरबी वितळवून आपल्या लेकीबाळींच्या तोंडाला लावते.' फोटो काढला होता कृष्णातची बायको मोना हिनं. ती भुवया कोरायला आली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी माणसं आली. वीस-पंचवीस असतील, पुढं कृष्णात. आत एक नवरी हळदीच्या अंगानं खुर्चीत बसली होती. तिला शिवलीलेनं मागच्या दारानं काढून दिलं आणि स्वतः पुढं आली.

"चरबी न्हाय ती. भिरंडेल हाय. वास घेऊन बघा!"

वास घ्यायला कुणी आलं नव्हतं. पहिला दगड आरशावर बसला. मग खुर्च्या, वाफेचं मशीन, कपाट. एकानं शिवलीलेची वेणी धरून तिला भिंतीवर आपटलं. ती सरकत खाली आली, फुटलेल्या डब्यांतून एक लाली उचलली आणि सगळ्यांच्या देखत तोंडात घालून चावली. लाल लगदा दातांत, ओठांवर. चावून तिनं गिळली.

"लिंगायताच्या पोटाची हाय मी! चरबी असती तर खाल्ली असती व्हय?"

क्षणभर गर्दी थबकली. मागची दोघं-तिघं खरंच मागे सरकली. शिवलीला तिथंच थांबली असती तर कदाचित मिटलं असतं. पण तिनं कुणा गिऱ्हाइकानं टाकून दिलेली कृष्णातच्या मालातली एक कांडी फुटक्या कपाटातून काढली आणि त्याच्यासमोर धरली.

"आता तू ही खाऊन दाव. तुझी बायको रोज लावती ती!"

कुणीतरी हसलं. कृष्णातनं हातातला लोखंडी पाइप आडवा फिरवला. तो तिच्या गालफडावर बसला. हाड मोडल्याचा आवाज दारातल्या बायकांनीही ऐकला. ती पडली तरी तो थांबला नाही. पाठीत, बरगड्यांत, जिथं मिळेल तिथं लाथा घालत राहिला. तिच्या तोंडातून काय वाहतंय, रंग की रक्त, कळत नव्हतं.

अत्ती स्वयंपाकघरातून आली ती पातेलं दोन्ही हातांनी धरूनच. फडकं नाही, काही नाही. रतनजोत घातलेलं एरंडेल गॅसवर कढत होतं. तिनं ते कृष्णातच्या मानेवर ओतलं.

त्याचा ओरडा वेशीपर्यंत गेला. लाल तेल कानात, मानेवर, शर्टाच्या आत. तो अंगणात लोळायला लागला. वीस-पंचवीस माणसांतलं एकही त्याला धरायला थांबलं नाही. शेवटी शेजारच्या चिमणाबाईनं घागरी आणून त्याच्यावर ओतल्या. अत्तीच्या तळव्यांची साल पातेल्याला चिकटून निघाली होती. ती सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

पोलीस आले. विचारलं, तेल कुणी टाकलं?

"मी टाकलं," अत्ती म्हणाली. "अजून असतं तर अजून टाकलं असतं. लिवून घ्या."

शिवलीलेचा जबडा तारेनं बांधला. तिला बोलता येत नव्हतं, नळीनं पेज घ्यायची. कृष्णातही त्याच दवाखान्यात, खालच्या मजल्यावर होता. ड्रेसिंगच्या वेळी त्याचं ओरडणं वर ऐकू यायचं, आणि ती उशी कानावर धरायची. अमरेश म्हणायचा, "बरं झालं भाजला ते." ती मान हलवायची, नाही म्हणून. एकदा तिनं त्याच्या तळहातावर बोटानं लिहिलं: किड्यासाठी रडले, माणूस उकळला.

चालता येऊ लागल्यावर ती खाली गेली. कृष्णात कुशीवर पडला होता. कानाच्या जागी पट्ट्यांचा बोळा, मान वळत नव्हती. उशाशी त्याची आई तानाबाई. शिवलीलेला बघून म्हातारी शिव्या देत उठली, पण कृष्णातनं हात वर केला.

"बघायला आलीस व्हय? बघ."

तिनं बघितलं. ती खाटेजवळ उभी राहिली. त्यानं डोळे मिटून घेतले. मग ती जिना चढून वर आली.

पोलिसांनी नेलेल्या पातेल्याच्या आणि पांढऱ्या गोळ्याच्या तपासणीचा निकाल आला: चरबी नाही. त्याआधीच मोना स्वतःहून चौकीत गेली होती. "फोटो मी काढला. कोकमाचं तेल हाय म्हणून तिनं मला तवाच सांगितलं हुतं. न सांगितल्यागत कर म्हणून मालकांनी बजावलं," असं तिनं लिहून दिलं आणि तिथूनच माहेरची एसटी धरली. गावातली कर्ती माणसं म्हणाली, दोन्हीकडच्या केसी मागे घ्या. शिवलीला तयार झाली. अत्तीनं तीन दिवस तिच्या हातचं पाणी घेतलं नाही.

आता पार्लर पुन्हा चालू आहे. शिवलीलेचा चेहरा डावीकडे बसलाय. नवरीचे ओठ रंगवताना ती पूर्वीसारखी बडबडत नाही, आणि बायकांना तिचं बोलणं ऐकायला वाकावं लागतं. अत्तीच्या हाताची बोटं आकसून गेलीत, भाकरी थापता येत नाही. ती दारात खुर्ची टाकून बसते. नवं गिऱ्हाईक बिचकत आत डोकावलं की ओरडते, "ये की गं! आत काय वाघ हाय?"