बिल म्हणून लिहिलेला अर्ज

माझं आयुष्यातलं पहिलं बिल मी ‘महोदय’ असं लिहून सुरू केलं आणि शेवटी ‘आपला विश्वासू’ म्हणून सही केली. मधे लिहिलं होतं की आपल्या ठिबक सिंचन कंपनीसाठी भोकरदन, तीर्थपुरी आणि शहागड इथं आठ रविवार शेतकऱ्यांना ठिबकाचं प्रशिक्षण दिलं, एक पुस्तिकाही लिहून दिली, तरी ठरलेले साठ हजार रुपये मिळावेत, ही नम्र विनंती. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत माझी चोवीस वर्षं नोकरी झाली आहे. कागद वर पाठवायचा म्हणजे अर्जच, एवढंच हाताला माहीत.

ठिबक कंपनीच्या हिशेबाचं काम बघणाऱ्या बाईंचा फोन आला.

“सर, तुम्ही रजा मागून राह्यले का पैसे?”

“पैसे.”

“मंग मागा ना बराबर. काम झालंय तुमचं, विनंती कशाला?”

नाव, पत्ता, पॅन, कामाचा तपशील, बँक खातं, सगळं त्यांनी सांगितलं. बिलाला नंबर एक टाका म्हणाल्या. शेवटी सहज सांगितलं, “दहा टक्के कर कापून बाकीचे खात्यात टाकू. कापलेला तुमच्या पॅनवर दिसेल.”

पॅनवर दिसेल म्हणजे कधीतरी माझ्या ऑफिसलाही कळेल, असं मला वाटलं. लेखी परवानगीशिवाय बाहेरचं काम करायचं नाही, असं माझ्या नेमणूकपत्रात स्पष्ट लिहिलं आहे. परवानगी मी घेतली नव्हती. विचारायला दोनदा साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि दोन्ही वेळा कापसाच्या उगवणीचा अहवाल देऊन बाहेर आलो. वर त्या पुस्तिकेचे बावीस कागद ऑफिसच्या प्रिंटरवर छापले. दुसऱ्याच दिवशी पाचशे कोऱ्या कागदांचा गठ्ठा विकत आणून प्रिंटरशेजारी गुपचूप ठेवला, तरी मन हलकं झालं नाही.

बायको ज्वारी निवडत होती. सगळं ऐकून म्हणाली, “माझ्या नावानं टाका की बिल. ठिबकातलं मलाही कळतं. आपल्या मोरीतला गळका नळ चार महिन्यांपासून मीच ऐकून राह्यले.”

जुन्या मोंढ्यात कराची कामं करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे वकीलसाहेब म्हणतात. त्यांना मी हाही पर्याय विचारला.

“प्रशिक्षण वहिनींनी दिलं का?”

“नाही.”

“मंग बिल तुमचंच. तांत्रिक सल्ल्याचं काम आहे, तर कमीत कमी निम्मी रक्कम उत्पन्न धरायची. वह्या ठेवायची गरज न्हाई. फक्त रिटर्नचा फॉर्म बदलेल. न्हाईतर खरा खर्चा मांडा, पावत्या आणा.”

“आणि जीएसटी?”

“वीस लाखांच्या आत न्हाई लागत. तेवढे रविवार कुठून आणणार तुम्ही?”

मी विचारलं, “पण निम्मं धरायचं म्हणजे लपवणं तर नाही? माझा खर्च बसभाडं आणि चार वेळा भजे एवढाच आहे.”

“एवढं लागत असेल तर जास्त दाखवा, कायदा आडवा येत न्हाई.”

मी सत्तावन्न हजार दाखवायला सांगितले. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि लिहून घेतले.

“कापलेल्याच्या वर जो कर निघेल तो स्वतः भरा, न्हाईतर ऑफिसला कळवा, ते पगारातून कापतील.”

“आणि परवानगीचं?”

“ते माझ्या फीमध्ये न्हाई.”

सोमवारी साहेबांना परवानगीचा अर्ज लिहिला. या वेळी ‘महोदय’ योग्य जागी होतं. सगळं लिहिलं, बावीस कागदांसकट. नोकरी गेली तर या वयात कुठं जायचं, हे केबिनच्या दाराशी उभा असताना मनात होतं. साहेबांनी अर्ज पूर्ण वाचला.

“तो गठ्ठा तुम्ही ठेवला व्हता?”

“हो, साहेब.”

“बावीस कागदांना पाचशे? अहो, तेव्हाच सगळ्या ऑफिसला कळालं, की तुम्ही कायतरी केलंय. आम्हाला वाटलं बायोडाटा छापला. दोन महिने तुमच्या राजीनाम्याची वाट पाहून राह्यलो मी.”

त्यांनी पेन उघडलं आणि विचारलं, “मागची तारीख टाकू का? तुमचे रविवार झाकले जातील.”

“नको, साहेब. आजचीच टाका.”

“वाटलंच व्हतं,” म्हणत त्यांनी ‘यापुढे आधी विचारावे’ असं लिहून सही केली.

घरी आल्यावर बायकोला म्हणालो की ते आठ रविवार आता कायमचे बिनपरवानगीचे राहिले. ती म्हणाली, “राहू द्या. नववा मोकळा आहे ना? नळाचं बघा. बिल देईन मी.”